जोडगाडीचा प्रवास : जंक्शनवरची रात्र आणि हुकलेली पुढची गाडी

रत्नागिरीहून नागपूरला जायचे असेल, तर थेट गाडी रोज मिळत नाही. मग ठाण्याला किंवा कल्याणला उतरून विदर्भाकडची गाडी धरावी लागते, आणि प्रवासाचे दोन तुकडे, दोन तिकिटे व मधले काही तास असा मामला तयार होतो. बहुतेक जण या मधल्या तासांचा हिशेब वेळापत्रक समोर ठेवून करतात. वेळापत्रक मात्र गाडी केव्हा यायला हवी एवढेच सांगते. गाडी उशिरा आली तर मागे किती पर्याय उरतात, हे गाडी कुठे बदलायची या निर्णयावर ठरते, आणि तो निर्णय तिकीट काढतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून या लेखात तासांपेक्षा जागेचा विचार आधी केला आहे.

गाडी कुठे बदलावी

पहिली गाडी शक्यतो आपल्या जवळून सुटणारी असावी. दीड हजार किलोमीटर अंतर कापून आपल्या स्थानकावर येणारी गाडी वाटेतला सगळा उशीर सोबत घेऊन येते, तर आपल्याच जिल्ह्यातून किंवा शेजारच्या जिल्ह्यातून निघालेल्या गाडीला तेवढा उशीर साचवायला वावच मिळालेला नसतो. दुसऱ्या गाडीच्या बाबतीत हाच हिशेब उलटा होतो. जी गाडी बदलाच्या स्थानकावरूनच सुटते ती सहसा वेळेवर निघते आणि आपली वाट पाहत नाही. लांबून येऊन त्या स्थानकावरून पुढे जाणारी गाडी अनेकदा स्वतःच तासभर मागे असते आणि आपल्या उशिराला नकळत सांभाळून घेते. अर्थात यावर भरवसा ठेवून आखणी करू नये, पण दोन गाड्यांमध्ये निवड करायची झाली तर हा मुद्दा लक्षात घ्यावा.

आणखी एक गोष्ट वेळापत्रक बारकाईने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. गाडीच्या शेवटच्या स्थानकाआधी काही राखीव मिनिटे धरलेली असतात. म्हणूनच पाऊण तास उशिराने धावणारी गाडी शेवटच्या टप्प्यात अचानक वेळेच्या जवळ आलेली दिसते. मधल्या जंक्शनवर उतरणाऱ्याला ही सूट पुरती मिळत नाही. त्यामुळे पहिल्या गाडीच्या अंतिम स्थानकावर बदल करणे शक्य असेल, तर मधल्या जंक्शनपेक्षा ते बरे.

बदलाचे स्थानक निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही पुढची गाडी हुकली तर इथून त्या दिशेने त्यानंतरची गाडी केव्हा आहे? भुसावळ, मनमाड, कल्याण, इटारसी, नागपूर या जंक्शनांवरून मुख्य मार्गावर दिवसरात्र गाड्या जातात. एखाद्या शाखामार्गाच्या तोंडावरचे छोटे जंक्शन अंतराने सोयीचे वाटते, पण तिथे पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी असू शकते. मी अशा वेळी अर्धा-एक तास उलटा प्रवास करून मोठ्या जंक्शनवर बदल करणे पसंत करतो. एसटीचे आगार स्थानकाजवळ आहे का, हेही पाहून ठेवावे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पुढे जायचे असेल, तर हुकलेल्या गाडीवरचा सर्वांत जलद उपाय अनेकदा लाल बस हाच असतो.

मग येतो जुळ्या स्थानकांचा घोळ. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्थानके आहेत, आणि नागपूरहून बल्लारशाहमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या वर्ध्याला न जाता सेवाग्रामला थांबतात. सोलापूरकडून थेट मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या दौंड जंक्शनात न येता दौंड कॉर्ड लाइन नावाच्या वेगळ्या स्थानकावरून जातात. दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन आणि आनंद विहार. कोलकात्यात हावडा, सियालदह आणि शालिमार. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर. बंगळूरमध्ये केएसआर, यशवंतपूर आणि एसएमव्हीटी. आणि आपल्या मुंबईत सीएसएमटी, दादर, कुर्ल्याचे एलटीटी, मुंबई सेंट्रल व वांद्रे टर्मिनस. तिकिटावर शहराचे नाव वाचून थांबू नये, स्थानकाचे पूर्ण नाव आणि त्याचा कोड वाचावा. दोन स्थानकांमध्ये शहर ओलांडावे लागत असेल, तर वाहतूक, सामान आणि रिक्षावाल्याशी होणारी घासाघीस धरून दोन तास वेगळे मोजावेत.

मध्ये किती वेळ ठेवावा

पुढे दिलेले आकडे माझ्या अनुभवावरचे आहेत. पहिला प्रवास सात-आठ तासांचा असेल, तर तीन तास. रात्रभराचा असेल, तर पाच. पहिली गाडी उत्तर भारतातून येणारी असेल आणि महिना डिसेंबर किंवा जानेवारी असेल, तर धुक्यामुळे तासांचा हिशेब मांडण्यात अर्थच उरत नाही. तिथे सरळ एका रात्रीचा मुक्काम धरून दुसऱ्या दिवशीची गाडी घ्यावी. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असायचे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे लागू झाले. या काळात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि बऱ्याच गाड्यांच्या वेळा बदलतात. मे महिन्यात पाहून ठेवलेली मडगावची किंवा पनवेलची वेळ गणपतीच्या प्रवासाला लावली, तर जोड जुळत नाही.

अंदाज बांधण्यासाठी एनटीईएस या रेल्वेच्या अधिकृत अॅपवर किंवा संकेतस्थळावर तीच गाडी सलग सात-आठ दिवस तपासावी. आपल्याला हवे ते बदलाचे स्थानक निवडून गाडी तिथे प्रत्यक्षात केव्हा पोहोचली ते रोज टिपून ठेवले, की आठवडाभरात त्या गाडीचा स्वभाव कळतो. सरासरीकडे पाहू नये. आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस पाहावा आणि त्यावर तासभर घालावा.

मध्यरात्रीच्या तारखेबद्दल मी मुद्दाम वेगळे लिहितो आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. १२ तारखेला रात्री साडेनऊला पहिली गाडी पोहोचणार होती आणि पुढची गाडी ०० वाजून २० मिनिटांनी होती. मी १२ तारखेचेच तिकीट काढले, म्हणजे ती गाडी मी घरून निघण्याच्याही आधी, ११ तारखेच्या रात्री, निघून गेलेली होती. हे फलाटावर तिकीट चाळताना कळले. रात्री बारानंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख पुढच्या दिवसाची असते. तिकीट काढताना ‘अमक्या तारखेची रात्र उलटून अमकी तारीख’ असे मोठ्याने म्हणावे, हसू आले तरी चालेल.

दोन तिकिटे एकमेकांना जोडणे

१ एप्रिल २०१९ पासून रेल्वेने दोन पीएनआर, म्हणजे दोन तिकिटांचे आरक्षण क्रमांक, परस्परांशी जोडण्याची सोय दिली आहे, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी व सर्वांत कमी वापरली जाणारी सोय हीच असावी. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी हुकली, तर जोडलेल्या तिकिटांच्या बाबतीत न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मागता येते, रद्दीकरणाचा आकार लागत नाही. तिकिटे जोडलेली नसतील, तर रेल्वेच्या दृष्टीने तुम्ही दुसऱ्या गाडीला वेळेवर न पोहोचलेले एक प्रवासी असता आणि चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, झालेला असल्याने हाती काही येत नाही.

यासाठी दोन्ही तिकिटांवरील प्रवाशांचा तपशील सारखाच असावा लागतो. एका तिकिटावर ‘आर. जोशी’ आणि दुसऱ्यावर पूर्ण नाव, असे करू नये. पहिले तिकीट जिथे संपते तिथूनच दुसरे सुरू होईल असे काढावे. ठाण्यापर्यंतचे एक आणि कल्याणपासूनचे दुसरे अशी तिकिटे काढून, मधला टप्पा लोकलने करू, असा विचार करणारे या सोयीला मुकतात. पुढची गाडी ठाण्याला थांबत असेल, तर ठाण्यापासूनचेच तिकीट घ्यावे. खिडकीवर तिकीट काढताना पहिले तिकीट दाखवून जोडायला सांगावे. आयआरसीटीसीवर आधी काढलेल्या तिकिटांच्या यादीतून जोडप्रवासाचे तिकीट काढण्याचा पर्याय मिळतो.

तिकीट काढताना ४५ पैशांचा जो प्रवास विमा देऊ केला जातो, त्याचा हुकलेल्या गाडीशी काही संबंध नाही. तो अपघातासाठी आहे.

मधल्या शहरात जाणूनबुजून एक-दोन दिवस थांबायचे असेल, तर प्रवासखंडाचा जुना नियमही आहे. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या एकाच तिकिटावर, पहिले ५०० किलोमीटर पार केल्यावर, एकदा दोन दिवसांपर्यंत थांबता येते, आणि तिकीट १००० किलोमीटरपेक्षा लांबचे असेल, तर दोनदा. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी यांना हा नियम लागू नाही. उतरलेल्या स्थानकावर तिकिटावर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि आरक्षण खिडकीवर तिकीट काढतानाच हा बेत सांगितलेला बरा.

रात्र स्थानकावर काढायची असेल तर

रात्रीचा मुक्काम आधीच ठरलेला असेल, तर पहिला पर्याय रेल्वेच्या रिटायरिंग रूमचा किंवा डॉर्मिटरीचा. आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून ती आरक्षित करता येते. त्यासाठी तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (बसण्यापुरती जागा मिळालेले) असावे लागते आणि खोली तुमच्या तिकिटाच्या आरंभीच्या किंवा अखेरच्या स्थानकावरच मिळते. जोडप्रवासात बदलाचे स्थानक पहिल्या तिकिटाचे शेवटचे आणि दुसऱ्याचे पहिले असते, त्यामुळे एका पीएनआरवर जमले नाही, तर दुसऱ्यावर प्रयत्न करता येतो. काही स्थानकांवर १२ आणि २४ तासांचे टप्पे आहेत, काही ठिकाणी तासांच्या हिशेबानेही खोली मिळते. टप्पा केव्हा सुरू होतो ते पाहूनच पैसे भरावेत. पहाटे तीनला उतरणाऱ्याला सकाळी आठपासूनची खोली काय कामाची? डॉर्मिटरी काही स्थानकांवर केवळ पुरुषांसाठी असते, म्हणून कुटुंब बरोबर असल्यास आधी खात्री करावी. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचे लागते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल, म्हणजे एका माणसापुरत्या झोपण्याच्या छोट्या कप्प्यांचे हॉटेल, सुरू झाले आणि नंतर सीएसएमटीलाही तशी सोय झाली. एकट्याने सहा-सात तास पाठ टेकायची असेल, तर ही जागा पुरेशी आहे.

खोली नसेल, तर वेटिंग रूम. ती वर्गानुसार वेगळी असते, महिलांसाठी बहुधा स्वतंत्र असते, आणि दारात तिकीट पाहिले जाते. मोठ्या स्थानकांवर तासाला पैसे आकारणारी वातानुकूलित लाउंजही असतात. लहान स्थानकावर वेटिंग रूमला रात्री कुलूप असेल, तर निमूटपणे बाकावर बसू नये. किल्ली कार्यरत स्टेशन मास्तरांकडे असते आणि पुढचे आरक्षित तिकीट दाखवून ती उघडून मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही.

सामान क्लोक रूममध्ये ठेवायचे, तर प्रत्येक नगाला कुलूप असावे लागते आणि तिकीट दाखवावे लागते. दोरीने बांधलेले खोके किंवा नुसती चेन ओढलेली पिशवी घेत नाहीत. दागिने, रोकड, औषधे आणि चार्जर आपल्याजवळच्या छोट्या पिशवीत राहू द्यावेत. क्लोक रूमची पावती हरवली, तर पहाटेच्या गाडीआधी सामान सोडवताना अर्ज लिहीत बसावे लागते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

धुक्याच्या दिवसांत मनमाडला काढलेली एक रात्र मला नीट आठवते. उत्तरेकडून येणारी माझी गाडी पाच तास उशिरा आली, तेव्हा घड्याळात एक चाळीस झाले होते आणि नांदेडच्या दिशेची माझी गाडी केव्हाच निघून गेली होती. वेटिंग रूमच्या दाराशी शाल पांघरून बसलेल्या बाईंनी एक जाड वही माझ्यापुढे सरकवली. नाव, पीएनआर, आल्याची वेळ असे रकाने होते आणि पेन सुतळीने टेबलाला बांधलेले होते. आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या, मोबाइल चार्जिंगच्या एकाच फळीवर सात वायरी, आणि खाली चादरी अंथरून झोपलेली माणसे. भिंतीकडेचा जो कोपरा रिकामा होता, तिथे दार उघडले की थंडी थेट पायांवर येत होती, म्हणूनच तो रिकामा होता. शेजारी नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला निघालेले एक वृद्ध शीख जोडपे होते. ते मात्र निश्चिंत होते, कारण मनमाडला गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे आणि उजाडल्यावर तिथे जाऊन लंगर घेऊ, असे त्यांचे ठरले होते. मी दोन तिकिटे वेगवेगळ्या दिवशी काढली होती आणि ती जोडलेली नव्हती, त्यामुळे दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. त्या रात्रीपासून माझ्या पिशवीत एक पातळ चादर, कानटोपी, सायकलची साखळी व कुलूप, आणि तीन तोंडांचा विजेचा बोर्ड कायम असतो. शेवटच्या वस्तूमुळे अनोळखी माणसेही आपल्यासाठी जागा करतात.

झोपायचेच असेल, तर मोबाइलवर दोन गजर लावावेत, एक गाडीच्या वेळेआधी तासभर आणि दुसरा अर्धा तास, आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवावे. गजर झाल्यावर आधी एनटीईएसवर गाडीची स्थिती व फलाट पाहावा, मग सामान उचलावे. उलट केले तर चुकीच्या फलाटावर जिना चढून-उतरून दमछाक होते. एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांनी रिकाम्या टोकाऐवजी आरपीएफच्या चौकीजवळ किंवा महिलांच्या वेटिंग रूममध्ये थांबावे. १३९ हा एकच क्रमांक चौकशी, तक्रार आणि सुरक्षितता या तिन्हींसाठी चालतो.

पहिली गाडी उशिरा धावते आहे असे दिसू लागल्यावर

गाडीत बसल्या बसल्या करण्यासारखे बरेच असते. उशीर तासाभराच्या पुढे गेला, की दुसऱ्या गाडीची स्थिती पाहावी. तीही मागे असेल, तर जीव भांड्यात पडतो. नसेल, तर टीटीईला (तिकीट तपासनिसाला) दोन्ही पीएनआर दाखवून कल्पना द्यावी. जोडगाडी थांबवून ठेवणे त्यांच्या हातात नसते, तो निर्णय कंट्रोलचा, म्हणजे रेल्वेच्या नियंत्रण कक्षाचा, असतो, पण कळवल्याने नुकसान काही नाही. त्यानंतरच्या दोन-तीन गाड्यांत जागा आहे का, ते आताच पाहावे. चार्ट झाल्यानंतर उरलेल्या बर्थ गाडी सुटण्याआधी साधारण अर्ध्या तासापर्यंत करंट बुकिंगमध्ये मिळतात, आणि आडवेळच्या गाड्यांत त्या बऱ्याचदा शिल्लक असतात. आपली गाडी स्थानकात शिरेपर्यंत वाट पाहिली, तर त्याच डब्यातले आणखी वीस जण त्याच बर्थसाठी रांगेत असतात.

गाडी हुकल्यावर, याच क्रमाने

सर्वांत आधी पुरावा. एनटीईएसवरील पहिल्या गाडीच्या प्रत्यक्ष आगमनाच्या वेळेचा स्क्रीनशॉट फलाटावर उतरताच घ्यावा.

मग परतावा, आणि तोही चहाच्या आधी. जोडलेली तिकिटे खिडकीवरची असतील, तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत दुसरे तिकीट त्याच स्थानकावर परत करावे लागते. ई-तिकीट असेल, तर त्याच वेळात टीडीआर, म्हणजे परताव्यासाठीचा ऑनलाइन अर्ज, दाखल करावा. लोक हॉटेल शोधायला बाहेर पडतात, आंघोळ करतात, सकाळी खिडकीवर जातात, आणि तोवर मुदत संपलेली असते.

इथे तीन तासांच्या दोन नियमांची गल्लत फार होते. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास पूर्ण परतावा मिळतो, हा नियम ज्या गाडीत तुम्ही अजून बसलेला नाहीत तिला, आणि तुमच्या चढण्याच्या स्थानकावरील उशिराला लागू आहे. त्यासाठी टीडीआर ती गाडी तिथून प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो आणि तिने प्रवास करायचा नसतो. ज्या गाडीने तुम्ही पोहोचलात, तिच्या चार तासांच्या उशिराला हा नियम लावता येत नाही. टीडीआरमध्ये चुकीचे कारण निवडले, तर रास्त मागणीही फेटाळली जाते. याची दुसरी बाजू फायद्याची आहे : घरच्या स्थानकावरच पहिली गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल, तर प्रवासच सोडून देऊन तिचे पूर्ण पैसे घेता येतात, आणि दुसरे तिकीट तिथेच, चार्ट होण्याआधी, रद्द करता येते. जोड जुळणार नाही हे दिसत असताना ‘बघू पुढे’ म्हणून चढणाऱ्यांची मनमाडचा तो थंड कोपरा वाट पाहत असतो.

परताव्यानंतर पुढचे तिकीट. करंट बुकिंग, ते नसल्यास दुसऱ्या दिवशीचे तत्काळ. तत्काळ वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता, गाडी आरंभीच्या स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते. ऑनलाइन तत्काळसाठी जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी लागते, ती घरूनच करून निघावे. रात्री दोन वाजता स्थानकातल्या क्षीण नेटवर्कवर ती करण्यात शहाणपण नाही. जनरलचे तिकीट काढून आरक्षित डब्यात शिरू नये. आधी टीटीईला गाठावे. बर्थ रिकामी असेल, तर फरकाची रक्कम भरून ते ती देऊ शकतात, नसेल तर दंड आणि भाडे दोन्ही भरावे लागते.

नुकसान मोठे असेल, म्हणजे पुढे विमान हुकले किंवा परीक्षा बुडाली असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. जम्मूला सुमारे चार तास उशिरा पोहोचलेल्या गाडीमुळे श्रीनगरचे विमान हुकलेल्या प्रवाशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी भरपाईचा आदेश कायम ठेवला. उशिराचे कारण रेल्वेला समाधानकारकपणे दाखवता आले नाही, तर ती जबाबदार ठरते, असा त्या निकालाचा आशय आहे, आणि त्या प्रवाशाला पर्यायी टॅक्सीचे १५,००० रुपयेही मिळाले. म्हणून टॅक्सीची, हॉटेलची आणि नव्या तिकिटाची प्रत्येक पावती, उतरताना घेतलेला तो स्क्रीनशॉट आणि दोन्ही मूळ तिकिटे एकाच पाकिटात जपून ठेवावीत, आणि रेल मदद अॅपवर त्याच दिवशी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्या पाकिटावर लिहून ठेवावा.